घरी जुळविलेल्या संगणकाचा अतिताप : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात निदानविचार

संगणकात जी विद्युत्शक्ती शिरते ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पंपाला दिलेल्या विजेतून पाणी वर चढते, गिरणीला दिलेल्या विजेतून धान्य दळले जाते. संगणकाचे काम मात्र चिन्हांची अदलाबदल करण्याचे असल्यामुळे त्याच्या विजेचा तसा यांत्रिक मोबदला काही शिल्लक राहत नाही. भिंतीतून ३०० वॅट घेणारा संगणक हा उष्णतेच्या हिशेबाने ३०० वॅटची शेगडीच होय. ही उष्णता जितक्या वेगाने उत्पन्न होते तितक्याच वेगाने ती बाहेर नेली पाहिजे. त्या दोन वेगांत अंतर पडले की तापमान चढू लागते आणि यंत्र स्वसंरक्षणार्थ बंद पडते. या बंद पडण्याचे कारण पद्धतशीरपणे कसे शोधावे, आणि पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या डोंगराळ भागात त्या शोधाला कोणती स्थानिक वैशिष्ट्ये जोडलेली आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. सुटे भाग पुण्याच्या बाजारातून आणून संगणक घरीच जुळविण्याची पद्धत विद्यार्थिवर्गात रूढ आहे, कारण त्यात पैसा वाचतो व यंत्र गरजेप्रमाणे बांधता येते. परंतु अशा यंत्राची जबाबदारी समग्रपणे कोणत्याच विक्रेत्यावर नसते. यंत्र बिघडले म्हणजे भोरहून पुण्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटर आणि कानद खोऱ्यातील किंवा हिरडस मावळातील वाड्यावस्त्यांवरून त्याहूनही अधिक प्रवास करावा लागतो. अशा वेळी अंदाजाने एकेक भाग बदलण्याचा मोह होतो : प्रथम पंखा, नंतर एसएमपीएस, शेवटी प्रोसेसर. चुकीच्या निदानामुळे धडधाकट भाग टाकून दिला जातो, दोष तसाच राहतो, आणि वारंवार अकस्मात बंद पडण्याने डिस्कवरील प्रबंधाची किंवा निरीक्षणांची नोंद नष्ट होण्याचा धोका वाढत जातो.

स्वतः जुळविलेल्या संगणकाची परंपरा महाराष्ट्राला तशी जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आपल्याच प्रयोगशाळेत बांधलेले प्रायोगिक गणकयंत्र १९५६ साली चालू झाले आणि त्यापुढील पूर्ण यंत्र, टिफ्रॅक, १९६० साली औपचारिकपणे कार्यान्वित झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. एका लहान नळीच्या तंतूला दोन ते तीन वॅट लागतात असे धरले, तरी केवळ तंतू तापविण्यासाठी पाच ते आठ किलोवॅट खर्ची पडणार हे उघड आहे. आज त्याहून कितीतरी पट सामर्थ्य शंभर वॅटच्या एका चकतीत सामावते. पण ती उष्णता आता खोलीभर पसरलेली नसून नखाएवढ्या जागेत एकवटलेली असते. प्रश्नाचे रूप पालटले, प्रश्न मात्र राहिला.

१. उष्णतेचा मार्ग

प्रोसेसरमधील सिलिकॉनच्या चकतीचे क्षेत्रफळ सामान्यतः दोन चौरस सेंटिमीटरांच्या आसपास असते. तीतून १०० वॅट बाहेर पडत असतील तर दर चौरस सेंटिमीटरला ५० वॅट असा उष्णतेचा प्रवाह होतो. तुलनेसाठी स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी घ्यावी : २० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात १,५०० वॅट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅटही भरत नाहीत. प्रोसेसर हा शेगडीपेक्षा दसपट तीव्र उष्णतास्रोत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्यावरील हीटसिंक व पंखा यांचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

ही उष्णता चार टप्प्यांनी बाहेर जाते : चकतीकडून तिच्यावरील धातूच्या झाकणाकडे, झाकणाकडून थर्मल पेस्टमधून हीटसिंककडे, हीटसिंकच्या पात्यांकडून कॅबिनेटमधील हवेकडे, आणि कॅबिनेटमधून खोलीत. विद्युत्मंडलातील रोधाप्रमाणेच प्रत्येक टप्प्याला एक उष्णतारोध असतो, आणि तापमानातील फरक म्हणजे वॅट व उष्णतारोध यांचा गुणाकार असतो. चकतीपासून कॅबिनेटमधील हवेपर्यंतचा एकूण रोध दर वॅटला अर्धा अंश मानला, तर १०० वॅटच्या भाराखाली चकती आतील हवेपेक्षा ५० अंशांनी अधिक तापेल. कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा आठ अंशांनी उष्ण असेल, तर एकूण वाढ ५८ अंशांची झाली.

आता ऋतूंचा हिशेब पाहावा. आषाढात खोली २६ अंशांवर असता प्रोसेसर ८४ अंशांवर राहील. वैशाखातील दुपारी खोली ३८ अंशांवर गेली की तो ९६ अंशांवर पोहोचेल. तोच संगणक पत्र्याखालच्या माळ्यावर ४४ अंशांत चालविला, तर आकडा १०२ होतो. आधुनिक प्रोसेसरांची तापमर्यादा बहुधा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. यंत्रात काडीचाही फरक न पडता ते पावसाळ्यात निर्वेध चालावे आणि उन्हाळ्यात अडखळावे, याचे रहस्य एवढेच आहे.

यावरून निदानाचे पहिले सूत्र मिळते. केवळ तापमान नोंदवून भागत नाही. खोलीचे तापमान वजा करून जी वाढ उरते ती नोंदवावयास हवी. वाढ हा यंत्राचा गुण आहे, तर खोलीचे तापमान हा जागेचा. मे महिन्यात व जुलै महिन्यात सारख्याच भाराखाली वाढ ५८ अंशच येत असेल तर यंत्र निर्दोष असून जागा बदलली पाहिजे. ती ५८ वरून ७८ वर गेली असेल तर यंत्रातील कोणता तरी रोध वाढला आहे असे निश्चित मानावे.

२. मावळातील घर, धूळ आणि धूर

भोर व वेल्हे परिसरातील वस्ती बहुतांशी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे-सातशे मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असते. पंखा दर मिनिटास तेवढेच आकारमान ढकलतो, पण तेवढ्या आकारमानात वस्तुमान कमी भरल्यामुळे उष्णताही थोडी कमी वाहून नेली जाते. ३०० वॅट बाहेर काढताना आतील हवा दहा अंशांपेक्षा अधिक तापू द्यावयाची नसेल, तर येथील उन्हाळ्यातील हवा दर सेकंदाला सुमारे २८ लिटर या प्रमाणात कॅबिनेटमधून वाहिली पाहिजे. हा आकडा समुद्रकाठच्या आकड्यापेक्षा जेमतेम दोन लिटरांनी अधिक आहे. उंचीचा परिणाम खरा असला तरी गौण आहे आणि यंत्र बंद पडण्याचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

घराच्या बांधणीचा परिणाम मात्र गौण नाही. जाड मातीच्या भिंतींच्या कौलारू घरातील माजघर दुपारीही बाहेरच्यापेक्षा थंड राहते. उलट पत्र्याच्या छपराखालील खोलीत तापलेला पत्रा स्वतःच उष्णतेचे प्रारण करतो, आणि तेथे ठेवलेले कॅबिनेट हवेपेक्षाही अधिक तापू शकते. अभ्यासासाठी शांत म्हणून निवडलेला माळा हा संगणकासाठी घरातील सर्वांत वाईट जागा ठरण्याचा संभव असतो. दारे असलेल्या टेबलाच्या कप्प्यात कॅबिनेट कोंबले तर बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते.

दुसरी स्थानिक बाब धुराची. ज्या घरांत चूल पेटते तेथे काजळी व तेलकट बाष्प यांचा सूक्ष्म थर पंख्याच्या व हीटसिंकच्या पात्यांवर बसतो. कोरडी धूळ फुंकरीने उडते. या चिकट थरावर बसलेली धूळ उडत नाही, तर नमद्यासारखी घट्ट होत जाते. देवघराशेजारी ठेवलेल्या संगणकावर उदबत्तीच्या धुराचाही असाच परिणाम होतो. पूर्वेकडे महामार्गालगतच्या गावांत रस्त्याची धूळ, सुगीच्या दिवसांत भाताच्या मळणीचा भुसा आणि पावसाळ्यात दिव्याकडे धावणारे किडे यांचीही भर पडते. पात्यांमधील फटी अशा रीतीने बुजल्या, तर हीटसिंकचा रोध दर वॅटला ०.२५ अंशांवरून ०.४५ अंशांवर जाणे अशक्य नाही. मग १०० वॅटला वीस अंशांची जादा वाढ होते, आणि आषाढातील २६ अंशांच्या खोलीतही प्रोसेसर १०४ अंशांकडे झुकतो. ‘पावसाळा असूनही संगणक तापतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

३. आर्द्रतेविषयी एक गैरसमज

सह्याद्रीच्या माथ्यालगतचा हा प्रदेश पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे धुक्यात असतो. दमट हवेत माणसाला उकडते, त्याअर्थी संगणकालाही उकडत असावे, असा तर्क सर्रास केला जातो. तो बरोबर नाही. माणसाचे शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते आणि हवेत बाष्प भरलेले असले की घाम वाळत नाही. हीटसिंकला घाम येत नाही. त्याची उष्णता केवळ वहनाने व अभिसरणाने जाते, आणि त्या क्रियांच्या दृष्टीने कोरड्या व दमट हवेत नगण्य अंतर असते. पावसाळी हवा थंड असल्यामुळे तापाच्या दृष्टीने तो ऋतू संगणकाला अनुकूलच म्हटला पाहिजे.

आर्द्रतेचा उपद्रव निराळ्या वाटेने होतो. धुळीच्या थरात ओल मुरली की तो थर किंचित विद्युत्वाहक बनतो, संपर्कबिंदू गंजतात, रॅमच्या पट्टीवरील जोडणी अधूनमधून तुटते. त्यामुळे यंत्र अडखळते, बंद पडते किंवा सुरूच होत नाही, आणि हे सर्व तापामुळे झाले असे वाटते. येथे एक गोष्ट उपयोगी पडते. २४ अंश तापमानाची, ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा कॅबिनेटमध्ये शिरून ३४ अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५३ टक्क्यांवर उतरते. चालू संगणक स्वतःचा आतला भाग स्वतःच कोरडा ठेवतो. म्हणून पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालविणे श्रेयस्कर होय.

याच्या उलट कूलरचा विचार उन्हाळ्यापुरता योग्य ठरतो. ३८ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असताना ओल्या तापमापकाचा पारा सुमारे २१ अंशांवर येतो. तेव्हा बाष्पीभवनाने हवा बरीच थंड करता येते. पावसाळ्यात हवा जवळजवळ संपृक्त असल्यामुळे कूलर गारवा देत नाही, ओल मात्र वाढवितो.

४. बंद पडण्यास लागणारा काळ

निदानाचा सर्वांत विश्वसनीय धागा कोणत्याही उपकरणावाचून मिळतो : सुरू केल्यापासून किंवा भार चढविल्यापासून बंद पडेपर्यंत किती वेळ गेला? उष्णतेच्या मार्गावरील प्रत्येक टप्प्याची उष्णताधारकता निराळी असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावरील अडथळ्याचा काळही निराळा असतो.

प्रोसेसरवरील तांब्याच्या झाकणाचे वजन सुमारे २५ ग्रॅम धरले, तर त्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे दहा ज्यूल पुरतात. हीटसिंक त्याला टेकलेलाच नसेल, तर प्रारंभीच्या ३० वॅटनेही ते सेकंदाला तीन अंश या गतीने तापेल आणि पाव ते अर्ध्या मिनिटात मर्यादा गाठील. अर्ध्या किलोच्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला मात्र एका अंशासाठी सुमारे ४५० ज्यूल लागतात. तो नीट टेकला असून केवळ पंखा फिरत नसेल, तर १०० वॅटच्या भाराखाली तो मिनिटाला सुमारे १३ अंश चढेल आणि यंत्र तीन ते पाच मिनिटांत संकटात येईल. कॅबिनेटचा पत्रा व आतील भाग मिळून सात-आठ किलो भरतात. हवा कोंडल्यामुळे होणारी वाढ स्थिर व्हावयास पंधरा ते तीस मिनिटे जातात. खोलीच्या भिंती तापावयास तर काही तास लागतात.

म्हणून अर्ध्या मिनिटात बंद पडणाऱ्या यंत्रात हीटसिंकचा संपर्क तपासावा. काही मिनिटांत बंद पडणाऱ्यात पंखा व पाती. अर्ध्या तासाने बंद पडणाऱ्यात कॅबिनेटमधील वारा. आणि केवळ दुपारीच बंद पडणाऱ्यात जागा. भार चढताच, तापमान वाढण्यापूर्वीच, क्षणात बंद पडणाऱ्या यंत्रात तापाचा संबंध नसून दोष बहुधा विद्युत्पुरवठ्यात असतो.

या विवेचनाला एक पुस्ती जोडली पाहिजे. आधुनिक प्रोसेसर मर्यादा गाठताच लगेच बंद पडत नाही. प्रथम तो आपली गती व विद्युत्दाब उतरवितो, म्हणजे उष्णतेचे उत्पादनच घटवितो. एवढ्यानेही न भागता तापमान आणखी चढले, तरच तो आणीबाणीचा संकेत देऊन पुरवठा तोडावयास लावतो. तेव्हा खऱ्या अतितापात बंद पडण्यापूर्वी संगणक मंदावलेला दिसला पाहिजे. अजिबात न मंदावता जो संगणक एकाएकी काळा पडतो, त्याच्या बाबतीत प्रोसेसरच्या तापाविषयी संशय घेण्यापूर्वी एसएमपीएसकडे वळणे शहाणपणाचे ठरते.

५. वीजदाब आणि एसएमपीएस

भाटघरच्या धरणावर वीज निर्माण होते. तथापि तोरणा व राजगड यांच्या पायथ्याशी विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत ती लांब वाहिन्यांवरून पोहोचते, आणि वाहिनी जितकी लांब तितका तिच्या टोकाशी दाब उतरतो. शेतीपंप व संध्याकाळचे दिवे एकदम चालू झाले की हा उतार वाढतो. एसएमपीएस हा ठरावीक शक्ती घेणारा भार आहे. दाब उतरला तर तो अधिक प्रवाह ओढतो. २३० व्होल्टला ३०० वॅटसाठी १.३० अँपिअर लागतात, तर १८० व्होल्टला १.६७. तारांतील व अर्धवाहकांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे या भागातील तिचे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांनी वाढते. संध्याकाळी हवा थंड होत असतानाही यंत्र नेमके त्याच वेळी बंद पडत असेल, तर खोलीच्या तापमानापेक्षा वीजदाबाची नोंद अधिक बोलकी ठरते.

दाब एखाद्या क्षणापुरता लुप्त झाला तर एसएमपीएसमधील संधारित्र तेवढा काळ भार सांभाळतो. संधारित्रातील ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शक्तिगुणक सुधारणारे मंडल नसलेल्या स्वस्त एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर संधारित्र सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो, १८० व्होल्टवर सुमारे २५५ पर्यंत. तो २२० व्होल्टच्या खाली गेल्यावर यंत्र चालू शकत नाही असे उदाहरणादाखल मानले, तर उपयोगी ऊर्जा तीन-दशांशापेक्षाही कमी उरते. एरवी लक्षातही न येणारा विजेचा झटका अशा वेळी संगणक बंद पाडतो. जुन्या यूपीएसची बॅटरी मृत झालेली असली म्हणजे तर हे हटकून घडते.

बंद पडल्यानंतर यंत्र कसे परत येते हीही एक खूण आहे. क्षणिक खंडामुळे बंद पडलेला संगणक बहुधा आपोआप पुन्हा सुरू होतो किंवा बटण दाबताच सुरू होतो. एसएमपीएसच्या संरक्षक मंडलाने तोडला असेल, तर भिंतीवरील बटण बंद करून काही वेळ थांबल्याशिवाय तो बहुधा दाद देत नाही. तापामुळे बंद पडलेला सुरू झाला तरी गरम असेतोवर लगेच पुन्हा बंद पडतो. विंडोज प्रणालीच्या नोंदवहीत अशा प्रसंगी ४१ क्रमांकाची नोंद आढळते. पण ती केवळ ‘यंत्र नीट बंद न होता थांबले’ एवढेच सांगते. तिलाच कारण समजून एसएमपीएस बदलणे हा तर्कदोष होय.

६. परीक्षणाचा क्रम

परीक्षण करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही पाळावा. प्रथम काहीही न उघडता दोन-तीन दिवस नोंद ठेवावी : वेळ, खोलीचे तापमान, वीजदाब, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांचे तापमान, पंख्यांचे फेरे, चालू असलेले काम, आणि बंद पडण्यास लागलेला काळ. निम्म्या प्रकरणांचा उलगडा या नोंदीतूनच व्हावा.

त्यानंतर कॅबिनेटची बाजूची झडप काढून तोच भार पुन्हा द्यावा. तापमान पाच ते दहा अंशांनी उतरले तर दोष कॅबिनेटमधील वाऱ्याचा आहे. ते जवळजवळ तसेच राहिले, तर अडथळा हीटसिंकच्या पात्यांत, पंख्यात किंवा थर्मल पेस्टमध्ये आहे. या एका साध्या प्रयोगाने उष्णतेच्या मार्गाचे दोन भाग पडतात व शोध निम्म्यावर येतो.

तिसरी पायरी भाराच्या पृथक्करणाची. केवळ प्रोसेसरवर भार देणारे काम एकदा आणि केवळ ग्राफिक्स कार्डवर भार देणारे काम एकदा, असे स्वतंत्रपणे चालवून पाहावे. दोन्ही स्वतंत्रपणे निभावतात आणि एकत्र आले की यंत्र बंद पडते, असे दिसल्यास एसएमपीएसची शक्ती अपुरी पडत आहे किंवा वयोमानाने घटली आहे. १२ व्होल्टच्या तारेवरील दाब भाराखाली ११.४ ते १२.६ व्होल्टांच्या मर्यादेत राहतो की नाही, हे मल्टिमीटरने पाहता येते. शेवटची पायरी म्हणजे परिचिताकडील खात्रीचा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे. नवीन भाग विकत घेण्याची वेळ याच्यानंतर येते, आधी नव्हे.

घरी जुळविलेल्या यंत्रांत काही चुका पुनःपुन्हा आढळतात. हीटसिंकच्या तळावरील पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढावयाची राहते. चार खिळ्यांपैकी एक पुरता बसत नाही व हीटसिंक तिरपा टेकतो. पंखा उलटा बसविल्याने पुढचा व मागचा दोन्ही पंखे हवा आतच ओढतात. पाण्याने थंड करणाऱ्या संचातील पंपाची तार जोडलेली नसते. थर्मल पेस्टविषयीही अतिरेक होतो. धातूंच्या दोन पृष्ठांमधील सूक्ष्म खळगे भरणे एवढेच तिचे कार्य आहे. तिची उष्णतावाहकता हवेच्या शंभरपटीहून अधिक असली तरी तांब्याच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपासच असते. म्हणून तिचा जाड थर हा स्वतःच अडथळा होतो. वाटाण्याएवढा गोळा मध्यभागी ठेवून हीटसिंक सरळ दाबणे पुरेसे आहे. एकदा हीटसिंक उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली पाहिजे.

७. उपाय व खबरदारी

निदान निश्चित झाल्यावर उपाय बहुधा स्वस्त असतात. पात्यांतील धूळ मऊ ब्रशने व ब्लोअरने काढावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, अन्यथा तो भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. चुलीच्या धुराचा थर असल्यास पंखा सुटा करून अल्कोहोलने पुसावा. हवा आत घेणाऱ्या पंख्यांचा जोर बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक ठेवून प्रवेशद्वारी जाळी बसविली, तर फटींतून धूळ ओढली जात नाही. मात्र जाळी दर पंधरवड्याला झटकली पाहिजे, नाहीतर तीच अडथळा होऊन बसते. कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून हातभर दूर व पत्र्याखालून हलवून माजघरात आणावे.

उन्हाळ्यापुरता आणखी एक उपाय आहे, त्याला कवडीही लागत नाही. प्रोसेसरची उष्णता त्याच्या दाबाच्या वर्गाच्या व गतीच्या प्रमाणात असते. दाब व गती दोन्ही दहा टक्क्यांनी उतरविली, तर उष्णता सुमारे २७ टक्क्यांनी घटते. दहा टक्के वेग देऊन चतुर्थांशाहून अधिक उष्णता वाचविण्याचा हा व्यवहार बायोसमधील शक्तिमर्यादा कमी करून साधता येतो. दुपारभर चालणारी लांबलचक आकडेमोड रात्री चालविणे हाही त्याच जातीचा उपाय. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात थेट संपर्काने पाणी खेळवून उष्णता नेण्याची व्यवस्था आहे. घरगुती यंत्राला त्या थाटाची आवश्यकता नाही, स्वच्छ पाती आणि मोकळा वारा पुरतात.

एसएमपीएसच्या बाबतीत मात्र स्वतः हात घालण्याचे धाडस कोणीही करू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील संधारित्रात तीनशे व्होल्टांहून अधिक दाब काही काळ राहू शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. त्याच्या बाहेरून धूळ झटकावी, पण तो उघडू नये. जळका वास, फुगलेले संधारित्र किंवा काळवंडलेली प्लगची तार दिसली, तर निदान पुरे करण्याची वाट न पाहता यंत्र भिंतीपासून सोडवावे. तसेच कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घराचे अर्थिंग तुटलेले किंवा मुळातच नाही असे समजावे. एसएमपीएसच्या गाळणी-मंडलातून होणारी अल्प गळती अर्थिंगच्या अभावी पत्र्यावर साचते. हा इशारा संगणकापुरता नसून सबंध घराविषयीचा आहे.

समारोप

अतितापाने बंद पडणारा संगणक हा पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला अनायासे मिळालेला प्रयोगच आहे. उष्णतारोध, उष्णताधारकता, प्रवाहाच्या वर्गाचा नियम आणि सापेक्ष आर्द्रता या पाठ्यपुस्तकातील चार कल्पना त्यात एकत्र येतात, आणि त्यांच्या आधारे घड्याळ, तापमापक व मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर निदान करता येते. खोलीपेक्षा किती अंश वाढ झाली, ती किती काळात झाली, झडप उघडल्यावर ती उतरली काय, आणि त्या वेळी वीजदाब किती होता, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरली, म्हणजे मावळातील एखाद्या वाडीवर बसूनही दोषाचे स्थान ठरविता येते. पुण्याला खेप घालावीच लागली, तर ती नेमक्या त्याच भागासाठी घालावी लागेल.